मदत हवी आहे: टोरांटोत रशचा शो, दादाला नेऊ की नको?

नमस्कार मंडळी, टोरांटो परिसरातले रॉकवाले कुणी असाल तर सल्ला द्या.

११ वर्षांनी रश हा कॅनडाचा रॉक बँड परत येतोय. ऑगस्ट २०२६ मध्ये टोरांटोत, म्हणजे त्यांच्या घरीच. मी आनंदात, आणि दादा फुरंगटून बसलाय. "नील पिअर्ट नाही तर रश नाही," एवढंच म्हणतो. नील म्हणजे त्यांचा ड्रमर. ऑफिसच्या कॉलवरसुद्धा दोन पेन्सिलींनी टेबलावर नीलचे तुकडे वाजवणारा माणूस आहे तो, त्यामुळे दुःख खोटं नाही.

नील जानेवारी २०२० मध्ये गेला. आता ड्रम्सवर जर्मनीची आनिका निलेस. ती २०२२ मध्ये गिटारवादक जेफ बेकबरोबर वाजवायची. व्हिडिओ बघितले, हात जबरदस्त आहे. शिवाय नीलच्या पत्नीने आणि मुलीने या दौऱ्याला जाहीर पाठिंबा दिलाय. घरच्यांची हरकत नाही, मग दादा कोण लागून गेला? (हे त्याला सांगू नका.) पहिल्या अल्बमवर तरी नील कुठे होता? तो बँडमध्ये आला १९७४ मध्ये, आधीचा ड्रमर रट्सी बँड सोडून गेल्यावर.

दादाचा दुसरा मुद्दा गायक गेडी लीच्या आवाजाचा. त्यावर मात्र मी गप्प. त्या पट्टीत सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गायचं म्हणजे अवघडच.

जूनमध्ये लॉस एंजेलिसचा पहिला शो ऐकलेलं कुणी आहे का? आवाज कसा लागला? दुसरं, ड्रमर नीट दिसायला बाजूची वरची सीट बरी की समोरची लांबची? रिसेलचे भाव शेवटच्या आठवड्यात उतरतात का? दोन तिकिटं घ्यायची आहेत, दादाला न विचारता.