मदत हवी आहे: कॉम्प्युटर सायन्सची ऑनर्स करावी की एमसीए?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे दोन वाटा आहेत: आत्ता पदवी घेऊन दोन वर्षांचं एमसीए (कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्समधली मास्टर्स), नाहीतर चौथं वर्ष करून एकूण किमान १६० क्रेडिटची ऑनर्स पदवी आणि पुढे एका वर्षात एम.एस्सी. वर्षं सारखीच! संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. ती ७३ वर अडकली आहे, डिस्क्रीट मॅथ्स या गणिताच्या विषयाची कृपा. कम्पायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) म्हटलं की मात्र रात्री दोनपर्यंत कोडमधल्या चुका शोधत बसते. बाबांचं एकच, आधी नोकरी बघ.

भरती करणाऱ्यांपैकी कुणी सांगेल का, साध्या, म्हणजे संशोधनाविना, ऑनर्सला तुम्ही काही वजन देता का? आणि चौथ्या वर्षाला शिकवायला कॉलेजात माणसं आहेत की नाहीत, हे प्रवेशाआधी कसं तपासायचं?