चोविसाव्या वर्षी देवाची इच्छा कशी ओळखावी?

प्रश्न : मिरजेचा तरुण

सर्वांना सलाम. मी २४ वर्षांचा असून मिरजेत राहतो. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर पुण्यात राहून राज्यसेवा परीक्षेची तयारी केली, परंतु पूर्वपरीक्षेच्या पुढे जाता आले नाही. सध्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास तीन पिढ्यांचा आहे. आजोबा मिशनच्या दवाखान्यात नोकरीला होते, आई संडे स्कूलमध्ये शिकवते आणि मी मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचे काम पाहतो. त्यामुळे देव आहे की नाही हा माझा प्रश्न नाही. त्याने माझ्यासाठी काही ठरवले असेल, तर इतकी प्रार्थना करूनही ते मला कळत का नाही, हा माझा प्रश्न आहे.

घरातील भिंतीवर बायबलातील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या २९व्या अध्यायातील अकरावे वचन चौकटीत लावलेले आहे. देवाच्या मनातील संकल्प आपल्या हिताचे आहेत, अशा आशयाचे ते वचन लहानपणी धीर देत असे. हल्ली ते वाचले की आपल्या हातून काहीतरी निसटले आहे, असेच वाटते. मंडळीतील काही वडीलजन सांगतात की परीक्षेतील अपयश ही देवाची खूण आहे आणि मी पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत जाऊन सेवकाईचे, म्हणजे पाळक होण्याचे शिक्षण घ्यावे. वडिलांच्या मते बँकेच्या परीक्षा द्याव्यात. एका मित्राने बायबलातील गिदोनाप्रमाणे देवाकडे चिन्ह मागण्यास सांगितले. शिवाय मिरजेच्या मिशन रुग्णालयाचे संस्थापक, मूळचे कॅनडाचे डॉ. वॉनलेस १८८९ मध्ये आपल्या भागात आले तेव्हा साधारण माझ्याच वयाचे होते, ही गोष्ट डोक्यातून जात नाही. जे या अवस्थेतून गेले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : एक पाळक, सातारा

तुम्ही भिंतीवरचे वचन लिहिलेत, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. तो अध्याय म्हणजे बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेले पत्र आहे. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल. यिर्मया मात्र सत्तर वर्षांचा काळ सांगतो, आणि तोही तुमच्या वचनाच्या अगदी आदल्या, म्हणजे दहाव्या वचनात. ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले, त्यांच्यापैकी अनेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. मग त्यांनी करायचे काय? घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याचे हित पाहा व त्यासाठी प्रार्थना करा, असे पाचव्या ते सातव्या वचनांत सांगितले आहे. चौकटीत ही वचने सहसा कोणी लावत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. अकरावे वचन एका व्यक्तीच्या नोकरीविषयी नाही, ते एका समाजाला दिलेले आश्वासन आहे. तरीही त्यातून तुम्ही स्वतःसाठी धीर घेऊ शकता, मात्र त्याची अट अशी की पाचव्या वचनापासून वाचावे.

गिदोनाविषयी थोडेच लिहितो. त्याने चिन्ह मागण्यासाठी रात्री बाहेर लोकर ठेवली तेव्हा काय करायचे हे देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितले होते. चिन्ह मागितले ते मार्ग कळावा म्हणून नव्हे, तर धीर होत नव्हता म्हणून. त्यापेक्षा प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय वाचा. प्रेषित पौलाला आसिया प्रांतात वचन सांगण्यास आणि बिथुनिया प्रांतात जाण्यास मनाई होते, म्हणजे दोन वाटा बंद होतात, आणि कारणही सांगितले जात नाही. नंतर त्रोवसात त्याला रात्री दर्शन होते. दर्शन एकट्या पौलाला झाले, परंतु मासेदोनियास जाण्यासाठी देवाने आपल्याला बोलावले आहे हा निष्कर्ष सोबत्यांनी मिळून काढला, असे दहाव्या वचनात आहे. तुमच्या प्रश्नात वडीलजन, वडील आणि मित्र प्रत्येकजण निरनिराळे सांगत आहेत. हे सर्व एका ठिकाणी बसून बोलले आहेत का?

उत्तर : निवृत्त परिचारिका, मिरज

वयाने तू माझ्या नातवाएवढा असशील, म्हणून एकेरीत लिहिते. वॉनलेस साहेबांशी स्वतःला मोजू नकोस. त्यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभे केले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केले, हे सगळे आपल्याला पाठ असते. परंतु ते रुग्णालय एवढी वर्षे चालले ते स्वयंपाकघरात, धुलाईत, औषधांच्या नोंदवहीवर आणि रात्रपाळीत राबणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्यातलेच तुझे आजोबा. त्यांना कोणी पाचारणाविषयी, म्हणजे देवाने या कामासाठी बोलावले का याविषयी, विचारले असते, तर बहुधा त्यांनी पाळीची वेळ सांगितली असती!

मी परिचर्येच्या शिक्षणाला गेले, ती देवाचा आवाज ऐकून नव्हे. घरची परिस्थिती बेताची होती, राहण्या-जेवणाची सोय होती आणि विद्यावेतन मिळत होते. आपण येथे कशासाठी आहोत हे मला कामाच्या आत गेल्यावर, हळूहळू, रुग्णांचे हात धरता धरता कळले. पाचारण आधी आणि काम नंतर असा क्रम सर्वांच्याच वाट्याला येत नाही.

आता एक काम सुचवते. जतकडून मिरजेत उपचारासाठी माणसे येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतात, शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर काय करायचे, हे त्यांना ठाऊक नसते. रुग्णाजवळ एकच नातेवाईक असतो आणि तो रांगेत अडकतो. ज्याला हिशेब आणि सरकारी भाषा दोन्ही कळते, अशा मुलाची तेथे किती गरज आहे, हे तुझ्या लक्षात आलेले नाही. ही योजना लागू असलेल्या येथील रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात रीतसर विचारून, सुट्टीच्या दिवशी काही महिने जाऊन पाहा.

उत्तर : शिक्षिका, पाचगणी

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी पद्धत थोडी निराळी वाटेल. संत इग्नेशियस लोयोला हे सैनिक होते. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि त्यांना दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहावे लागले. त्या काळात ते कधी दरबारातील पराक्रमाची स्वप्ने पाहत, तर कधी संतांची चरित्रे वाचून तसे जगण्याची कल्पना करत. दोन्ही कल्पना त्या क्षणी आनंददायकच होत्या. फरक नंतर जाणवत असे. पहिल्या प्रकारच्या स्वप्नांनंतर मन कोरडे आणि असमाधानी राही, दुसऱ्या प्रकारच्या विचारांनंतर समाधान टिकून राही. या निरीक्षणातूनच पुढे त्यांच्या आध्यात्मिक साधनेची मांडणी झाली. त्यानंतर तिशी उलटलेला हा माणूस लहान मुलांबरोबर बसून लॅटिन शिकला, आणि त्यांनी स्थापन केलेल्या येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली ती १५४० मध्ये.

त्यांचा एक नियम तुमच्यासाठी विशेष उपयोगी आहे. मन उदास असताना आधीचा चांगला निर्णय बदलू नये. परीक्षेच्या निकालानंतरची उदासी अजून सरली नसेल, तर सेमिनरीचा निर्णय आत्ताच घेऊ नका, आणि तो कायमचा नाकारूही नका. रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात कोणत्या कामानंतर मन उजळले आणि कोणत्या कामानंतर ते विझले, एवढेच देवासमोर पाहत जा. तुम्ही तरुण संघाचे काम लिहिले आहे, पण ते करताना कसे वाटते, हे लिहिलेले नाही.

उत्तर : एक वाचक, विटा

मी स्वतः सेमिनरीत शिकलो आहे, म्हणून थोडे कठोर लिहितो. परीक्षेत अपयश म्हणजे सेवकाईची खूण, हे म्हणणे सेवकाईचा अपमान करणारे आहे. ज्याला इतर कोठे वाव मिळाला नाही त्याने पाळक व्हावे, असे मानणारी मंडळी पुढे आपल्या पाळकाविषयी तक्रार करत बसते. पौल तंबू तयार करण्याचा व्यवसाय करत होता आणि करिंथात त्याच व्यवसायामुळे त्याची अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याशी गाठ पडली. कारखान्यातील हिशेब चोख ठेवणे, खोट्या नोंदीला नकार देणे, हेही ख्रिस्ती जीवनच आहे.

दुसरे म्हणजे, चोविसाव्या वर्षी आयुष्यभराचा निर्णय झाला पाहिजे, हा समज सोडून द्या. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये जन्मले आणि त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी झाला, म्हणजे एकाच घरातही दोघांची चाल एक नव्हती. पुढे १९१७ मध्ये, पंचावन्न ओलांडल्यावर, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ते साताऱ्यात राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोन्ही प्रकारचे शिष्य असावेत, ही त्यांची कल्पना त्या काळी अनेकांना पचली नाही. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ख्रिस्ताच्या चरित्रावरचे त्यांचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. बराचसा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर देतो : बैठका आणि कार्यक्रमांचा मला कंटाळा येतो, परंतु संघातील दोन मुलांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिले तेव्हा फार बरे वाटले होते. हे मी आजवर मोजण्याजोगे धरलेच नव्हते. परिचारिकाबाईंनी सांगितल्याप्रमाणे रुग्णालयात चौकशी करणार आहे. एक अडचण मात्र उरते. सेमिनरीला आत्ता जाणार नाही असे सांगितले, तर मंडळीतील वडीलजन दुखावतील, आणि बँकेच्या परीक्षाही पुढे ढकलल्या तर वडील.

उत्तर : एक पाळक, सातारा

बँकेच्या परीक्षा पुढे ढकलण्याचे कारण मला दिसत नाही. शनिवार-रविवारची सेवा आणि संध्याकाळचा अभ्यास एकत्र होऊ शकतात. वडीलजनांना नकार कळवू नका, मुदत मागा. सेमिनरीत प्रवेश घेताना मंडळीची शिफारस लागतेच, तेव्हा वर्षभर माझे काम पाहा आणि त्यानंतर शिफारस करावी की नाही ते तुम्हीच ठरवा, असे त्यांना म्हणा.

उत्तर : निवृत्त परिचारिका, मिरज

आणि हे सर्व मंडळीत बोलण्याआधी वडिलांशी बोल. बाहेरून कळले, तर ते जास्त दुखावतील. चौकशीला जाताना ओळखपत्र आणि तुमच्या पाळकांची चिठ्ठी बरोबर ने.