तुरटपणाला घाबरू नका

पहिल्यांदाच रेड वाईन घ्यायची आहे, पण ती काळ्या चहासारखी तुरट लागेल अशी भीती वाटते, असं तुम्ही म्हणताय; ती भीती अगदी रास्त आहे. तो तुरटपणा टॅनिन नावाच्या घटकाचा, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेला. कॅबर्ने सोव्हिन्यॉं या द्राक्षाची साल जाड, म्हणून त्याची वाईन जीभ आखडवते. 'सुरुवातच कॅबर्नेने करा' असं कुणी कुणी सुचवतात, ते मला काही पटत नाही.

परदेशातून कुणी येत असेल तर बोजोले ही फ्रेंच रेड मागवा. गामे द्राक्षाची, हलकी, लालचुटूक फळांच्या चवीची. पिनो न्वार द्राक्षाची रेडही तशीच सौम्य, पण बरी बाटली स्वस्तात मिळत नाही. इथल्या दुकानात नाशिकच्या सुला कंपनीची झिनफँडेल किंवा साधी शिराझ (दोन्ही द्राक्षांचीच नावं) घ्या. 'रिझर्व्ह' लिहिलेल्या, ओकच्या पिंपात मुरवलेल्या बाटल्या तूर्तास राहू देत. पोर्ट वाईन म्हणून जी गोड मिळते ती आवडेल कदाचित, पण त्यावरून रेडची कल्पना येणार नाही. (आमच्याकडे एका पाहुण्यांनी ती सरबतासारखी बर्फ घालून प्यायली. असो.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'रेड रूम टेंपरेचरला प्यावी' हे युरोपातल्या थंड घरांसाठी आहे, पुण्यातल्या मे महिन्यासाठी नाही. ३४ अंशांना चांगली वाईनही नुसती अल्कोहोलसारखी झोंबते. आधी फ्रीजमध्ये जरा गार होऊ द्या, मग ओता. सोबत चीज नसलं तरी चालेल, मटण सुकं असेल तर उत्तमच. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्येच ठेवा, दोन-तीन दिवस टिकते.