शब्दचर्चा: गाळणपट्ट्याच्या सांध्यातली ‘क्लिप’

विचारणा
सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या बेल्ट प्रेसच्या ऑपरेटरांसाठी मराठीत पुस्तिका लिहितोय. गाळातलं पाणी पिळून काढणाऱ्या पट्ट्याची दोन टोकं धातूच्या ज्या वस्तूंनी जोडतात, त्यांना काय म्हणावं? प्लांटवर सरसकट ‘क्लिप’ म्हणतात. एकाने ‘बंधक’ सुचवलंय, ते काही पटत नाही.

प्रतिसाद
‘बंधक’ नकोच, त्याने ओलीसच आठवतात. पण ‘क्लिप’ही धोक्याचा आहे, कारण या एका शब्दाखाली तिथे तीन निरनिराळ्या गोष्टी खपतात. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तारेच्या आकड्यांची रांग असते, प्रत्येक आकड्याचे दोन पाय कापडात वरून आणि खालून घुसवून दाबलेले असतात. हे हुक. दोन्ही रांगांची वेटोळी एकमेकांत बसवली की मधून आरपार बोगदा तयार होतो, त्यात सरकवतात ती पिन. आणि या दोन्हींनी मिळून होतो तो सांधा. स्टोअरला नुसतं ‘क्लिप पाठवा’ असं लिहून गेलं, तर हुकची पट्टी येईल की पिन, कोण सांगणार?

मी ‘जोड’ म्हणत नाही, ‘सांधा’ म्हणतो, तेही मुद्दाम. वेल्डिंगचा जोड वळत नाही, गुडघ्याचा सांधा वळतो. बेल्ट प्रेसमध्ये पट्टा एकामागून एक रोलरांवरून उलटसुलट वळत जातो आणि प्रत्येक वळणावर हा भाग पिनेभोवती फिरतो. शिवाय पिन ओढली की सांधा सुटतो. रोलर न उतरवता पट्टा बदलता येतो, तो याच सोयीमुळे.

प्रतिसाद
पिठाच्या गिरणीच्या सपाट पट्ट्याला आमच्याकडे ‘अलिगेटर’ लावतात. तोच शब्द चालेल का?

प्रतिसाद
नाही, वस्तूच वेगळी आहे. अलिगेटर म्हणजे दातेरी पत्रा, तो हातोडीने ठोकून बसवतात. जाड पट्ट्याला तो ठीक. गाळणीचं कापड पातळ, जाळीदार असतं आणि ते स्क्रेपरला, म्हणजे चिकटलेला गाळ खरवडणाऱ्या पातीला, घासत पुढे जातं. सांधा जरा वर राहिला की स्क्रेपरची धार त्याला अडकते. मग आधी धार जाते, नंतर हुक. म्हणून इथे बारीक तारेचे हुक, आणि तेही लेसिंग मशीनच्या (हुक कापडात दाबणाऱ्या यंत्राच्या) जबड्यात सारख्या दाबाने बसवलेले. हुकचा एक पाय लांब, एक आखूड असला तर टोकं एकाच ओळीत येत नाहीत, त्यामुळे कापड त्या ओळीवर फाटत नाही. ‘अलिगेटर’ आणि ‘क्लिपर’ (अशा तारेच्या हुकांना बाजारात म्हणतात तो शब्द) ही दोन्ही मुळात व्यापारी नावं. बाजारात ती जातिवाचक झाली आहेत, पण पुस्तिकेत वस्तूचं नाव हवं.

विचारणा
मग हुकऐवजी ‘आकडा’ लिहू? आणि सांध्याला इंग्रजीत ‘सीम’ म्हणतात, त्याला ‘शिवण’?

प्रतिसाद
‘आकडा’ शब्द चांगला, पण त्याच पुस्तिकेत दाबाचे आणि वेगाचे आकडे येणार. ‘दुसऱ्या रांगेतले आकडे तपासा’ वाचून माणूस तक्ता शोधेल. ‘हुक’ मराठीत कधीच रुळलाय, तो ठेवा. ‘शिवण’ मात्र चूक ठरेल. काही पट्ट्यांचा सांधा खरोखरच धाग्याने विणलेला असतो, त्यासाठी तो शब्द राखून ठेवा.

धातूचं नावही हुकसोबत लिहाच. नुसतं ‘स्टेनलेस’ पुरत नाही. गाळ घट्ट करायला फेरिक क्लोराइड वापरत असाल तर 304 जातीच्या स्टेनलेसला खड्डे पडतात. 316 जातीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते क्लोराइडपुढे जास्त तग धरतं. अशा ठिकाणी बाहेरून चकचकीत दिसणारी तार पायाशी झिजून तुटते, हे ऑपरेटरला कळायला हवं.

पट्टा बदलण्याच्या प्रकरणासाठी एक मसुदा देतो, हवा तसा बदला:

‘मुख्य वीजपुरवठा बंद करून कुलूप लावा. पट्ट्याचा ताण सोडा. सांधा समोर आणून पिन ओढा. जुन्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला नव्या पट्ट्याचं टोक त्याच पिनने जोडा. जुना पट्टा हळूहळू बाहेर ओढा, नवा त्याच्यामागून रोलरांतून आपोआप येईल. शेवटी नव्या पट्ट्याची दोन्ही टोकं नवीन पिन घालून जोडा. पिनेची टोकं पट्ट्याच्या कडेबाहेर राहू देऊ नका.’