कीझर: भोक भिंतीला नको, कॉलरला पाडा

कीझर म्हणजे चेस्ट फ्रीझरमध्ये (वरून झाकण उघडणारा आडवा फ्रीझर) बिअरचे केग, म्हणजे पिंपं, ठेवून बाहेरच्या नळांतून बिअर काढायची सोय. त्याबद्दल दोन प्रश्न विचारलेत: नळांसाठी फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडायचं का, आणि पहिला ग्लास नुसता फेसच का येतो.

भिंतीला हात लावू नका. बहुतेक चेस्ट फ्रीझरमध्ये पत्र्याच्या आत थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात. ड्रिल एकीला लागलं की फ्रीझर भंगारात. बिजागरांसकट झाकण काढा, कडेवर दीड इंच जाड फळ्यांची सात-आठ इंच उंच चौकट (हीच कॉलर) सिलिकॉनने चिकटवा, झाकण तिच्यावर बसवा. भोकं समोरच्या फळीला. आतून फोम शीट लावायला विसरू नका, नाहीतर फळीला घाम सुटतो.

आता फेस. थंड हवा तळाशी बसते, वर नळापाशी गरम राहते. बिअर त्या गरम नळीतून आली की विरघळलेला गॅस सुटतो, म्हणूनच दुसरा ग्लास बरा येतो. तळाची हवा वर ढकलणारा १२ व्होल्टचा कॉम्प्युटर फॅन लावा. तरीही फेस आला तर नळीची लांबी बघा: ३/१६ इंच आतल्या व्यासाची साध्या व्हिनाइलची नळी, ३-४ अंश सेल्सिअस आणि १२ पीएसआय गॅसच्या दाबाला साधारण १० फूट. दाब कमी करून फेस थांबवू नका, काही दिवसांत बिअर मचूळ होते.

तापमान बघून फ्रीझर चालू-बंद करणाऱ्या बाहेरच्या थर्मोस्टॅटचा सेन्सर हवेत लोंबकळता ठेवू नका. केगला चिकटवून वर फोम लावा, कॉम्प्रेसर डिले (बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधीची वेळ) ५ मिनिटं ठेवा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडल्यावर प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासाच.