मदत हवी आहे: मासळी वाहणाऱ्या पिकअपच्या मागच्या ॲक्सल हौसिंगला कोणतं कोटिंग टिकेल?

खाडीकाठ:
डिझेल पिकअप आहे, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), ड्रम ब्रेक आणि अखंड हौसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं ॲक्सल आणि गिअर झाकणारं लोखंडी कवच. हर्णै बंदरातून मासळी भरते. टबांतलं बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट हौसिंगवर ठिबकतं. मूळचा काळा रंग पोपडे येऊन सुटलाय. पाट्यांच्या बैठकीभोवती आणि मधल्या गोल पोटाखाली गंजाचे खवले आहेत. हातोडीने ठोकल्यावर आवाज खणखणीत येतो, तेल कुठेही पाझरत नाही.

पर्याय ऐकलेत ते असे: रेडऑक्साइड आणि वर चेसिस ब्लॅक, पावडर कोटिंग, झिंक प्रायमर, एपॉक्सी, रबराचं अंडरबॉडी कोटिंग. हौसिंग उतरवायचं नाही आणि गाडी चार दिवसच उभी ठेवता येईल. पावसाळ्याआधी उरकायचंय. काय लावू?

ग्रीसनिपल:
हौसिंग जागेवरच ठेवायचं म्हणजे पावडर कोटिंग आपोआप बाद. त्याला भट्टीत १८०–२०० अंश लागतात. त्याआधी सील, बेअरिंग, ब्रीदर (हौसिंगमधली हवा ये-जा करायचं छोटं तोंड), सगळं सोडवावं लागतं. शिवाय जुन्या हौसिंगच्या वेल्डच्या सांध्यांत तेल मुरलेलं असतं. भट्टीत ते वाफ होऊन वर येतं आणि कोटिंगला बारीक छिद्रं पडतात. खडी लागून एकदा टवका उडाला की त्याखालून गंज सरकत जातो आणि वरचा थर मात्र दिसायला शाबूत राहतो.

रेडऑक्साइड आणि चेसिस ब्लॅक लावायला सोपं, पण खाऱ्या पाण्यापुढे फार काळ तग धरत नाही. दरवर्षी खरवडून पुन्हा मारायची तयारी असेल तरच.

झिंक प्रायमर चांगला, पण तो उघड्या, ब्लास्ट केलेल्या (दाबाने कणी मारून साफ केलेल्या) लोखंडावरच काम करतो. जस्ताची भुकटी लोखंडाला प्रत्यक्ष टेकली तरच लोखंडाच्या आधी जस्त झिजतं. मधे गंज उरला तर तो निव्वळ राखाडी रंग. गाडीखाली ब्लास्टिंग करू नका. ब्रीदरमधून किंवा सीलच्या ओठातून कणी आत गेली तर क्राउन-पिनियन (आतले गिअर) आणि बेअरिंगची वाट लागते.

तुमच्यासाठी सरफेस टॉलरंट एपॉक्सी मॅस्टिक, म्हणजे हार्डनर कालवून लावायचा जाड एपॉक्सी रंग, दोन थर. हाताने साफ केलेल्या, खड्ड्यांत थोडा घट्ट गंज उरलेल्या लोखंडावर धरण्यासाठीच ते बनवलेलं असतं. ट्रॉलरचे रंग विकणाऱ्या दुकानात मिळेल. फक्त बोटीच्या बुडाला लावतात तो तांबेयुक्त रंग चुकूनही आणू नका, तांब्याच्या संगतीने लोखंड उलट लवकर गंजतं.

खाडीकाठ:
धन्यवाद. रबराचं कोटिंग का नको? गॅरेजवाले तेच सुचवतात. आणि मॅस्टिक किती लागेल?

ग्रीसनिपल:
रबर किंवा डांबराचा जाड थर चेसिसच्या कोऱ्या पत्र्याला ठीक. गंजलेल्या हौसिंगवर तो कडेने सुटतो, मधे खारं पाणी शिरतं आणि तिथेच साचून राहतं. वरून सगळं काळं कुळकुळीत दिसतं, पाझर सुरू होईपर्यंत कळतच नाही. म्हणूनच मॅस्टिकसुद्धा काळं न घेता फिकं राखाडी घ्या. गंजाचा पहिला तपकिरी ओघळ लगेच नजरेत भरतो.

हिशेब असा: दोन्ही नळ्या आणि मधलं पोट धरून पृष्ठभाग साधारण १ चौरस मीटर. दोन थर मिळून २५० मायक्रॉन, म्हणजे सुकलेला रंग २५० मिली. घन भाग ८० टक्के असेल तर ओला सुमारे ३१० मिली. ब्रशची नासाडी धरून ४०० मिली कालवा. एका थराला निम्मं, तेही ऐन वेळी, कारण हार्डनर पडल्यावर मिश्रण काही तासांतच घट्ट होतं. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. ते मापानेच घ्या, हार्डनर कमी पडला तर थर चिकट राहतो.

तारेचा ब्रश:
रंगाची निवड बरोबर आहे. पण तुमच्या गाडीचं भवितव्य पहिल्या दोन दिवसांच्या सफाईवर आहे, त्यामुळे ते सविस्तर लिहितो.

गाडी चेसिसखाली स्टँडवर घ्या, चाकं काढा. हौसिंग खाली लोंबताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, ते पाहा. तो पाइप आणि ब्रीदर प्लास्टिकने गुंडाळा. आधी तेलकटपणा रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने. हा क्रम उलटा झाला तर तारेचा ब्रश तेल खड्ड्यांत चोळत बसतो.

खवले छिन्नीने आणि हलक्या हातोडीने उडवा, मग ग्राइंडरला तारेचा कप. इथे बहुतेक जण फसतात. कप फिरवल्यावर लोखंड गडद तपकिरी चकाकतं, ते साफ झालेलं नसतं, गंजालाच पॉलिश झालेली असते. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ती चकाकी मोडा आणि खड्डे टोकदार हत्याराने कोरा.

आता मीठ. ते खड्ड्यांच्या तळाशी बसतं आणि थिनरने निघत नाही, कारण ते पाण्यातच विरघळतं. गोड्या पाण्याने भरपूर धुवा, ब्रशने घासा, पुन्हा धुवा. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर टँकरचं घ्या. कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवून रात्रभर तसंच सोडा. सकाळी सगळीकडे हलकी पिवळट झाक आली असेल तर चालेल, ती पेपरने निघते. पण ठराविक खड्ड्यांत गडद नारिंगी, ओलसर ठिपके उमटले असतील तर तिथे मीठ शिल्लक आहे. ते ठिपके पुन्हा कोरून धुवा. त्यांच्यावर कितीही महाग रंग मारा, मीठ थरातून ओलावा ओढून घेतं आणि फोड येतात.

खाडीकाठ:
फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर मारलं तर हे कोरणं वाचेल का?

तारेचा ब्रश:
नाही. ते गंजाचा वरचा थर बदलतं, मीठ काढत नाही. उरलेलं ॲसिड नीट धुतलं नाही तर एपॉक्सी त्यावर धरत नाही. मॅस्टिक लावताय तर कन्व्हर्टर वगळाच.

यू-बोल्ट:
कुठे रंग नको ते सांगतो. ब्रीदरचं तोंड, फिलर आणि ड्रेन प्लगचे आटे, ब्रेक पाइपचे नट, ड्रमची आतली बाजू, नंबराची पट्टी, ही सगळी टेपने झाका. भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या दांड्याचा सांधाही. रंगाने तो जाम झाला तर मागचा ब्रेक नीट लागत नाही.

पाट्यांच्या बैठकीत, म्हणजे पाटे हौसिंगला बांधणारा यू आकाराचा बोल्ट (यू-बोल्ट) जिथे आवळतो तिथे, जाड थर अजिबात नको. आवळलेल्या सांध्यातला रंग हळूहळू दबतो आणि बोल्टचा ताण उतरतो. मग पाटे सरकतात, पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटू शकतो. यू-बोल्ट सोडू नका, बाहेरच्या कडेलाच ब्रश फिरवा. सोडलेच तर नवे यू-बोल्ट आणि नट घाला. गाडी चाकांवर उभी असताना मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

ग्रीसनिपल:
चार दिवसांत बसवायचं तर: पहिला दिवस धुणं आणि खरवडणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपके बघून पुन्हा धुणं. पूर्ण वाळलं तर दुपारी पहिला थर, नाहीतर तो तिसऱ्या दिवसावर ढकला, घाई नको. आधी वेल्ड, कडा आणि ब्रॅकेटचे कोपरे ब्रशने भरून घ्या, मग सपाट भाग. कडेवरचा रंग ओढला जाऊन पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुसरा थर डब्यावरच्या मुदतीत. मुदत उलटली तर पेपर मारून. चौथा दिवस वाळायला.

किनाऱ्यावर हवेचा दमटपणा बघा. हौसिंगवर ओल्या फडक्याचा पट्टा ओढा. पंधरा मिनिटांत वाळला नाही तर रंग उघडू नका. सकाळी दहाच्या आत आणि सूर्यास्तानंतर तर नाहीच. मॅस्टिक ब्रशनेच लावा, हातमोजे घालून. हार्डनर कातडीला बाधतो.

पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर हौद्यात ताडपत्री घाला म्हणजे खारं पाणी वर पडणार नाही.

खाडीकाठ:
समजलं. वरून जुनं इंजिन ऑइल फवारतात, ते करू का?

यू-बोल्ट:
नको. रबरी बुश फुगतात, ड्रममध्ये शिरलं तर ब्रेक घसरतात, धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी कुठलाही रंग धरत नाही. मॅस्टिक कडक झाल्यावर लॅनोलिनचं (लोकरीतल्या मेणासारख्या चरबीचं) किंवा मेणाचं कोटिंग, फक्त बैठकीच्या फटीत आणि ब्रॅकेटमागे, दरवर्षी मे महिन्यात.

त्याहून मोठा फरक हौद्याच्या निचऱ्याने पडेल. फटी सीलंटने बुजवा, मागच्या कोपऱ्यात एकच भोक ठेवून त्याला इंचभर व्यासाची नळी लावा आणि तिचं तोंड हौसिंगच्या मागे, चाकांपासून दूर सोडा. फेरी संपली की खालून गोडं पाणी मारा, पण हौसिंग गरम असताना नको. आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. रंगाच्या निमित्ताने चाकं निघालीच आहेत, तर ब्रीदर काढून फुंकून बघा आणि फिलर प्लग उघडून तेलही पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी आधीच शिरलेलं आहे, तेल बदलूनच गाडी रस्त्यावर काढा.