मदत हवी आहे: पोकर बंद झालेल्या भावाचा रिटर्न आणि बायोडाटा

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाने अंबड एमआयडीसीतली नोकरी सोडून ऑनलाइन पोकरवर, म्हणजे पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या डावांवर, पोट भरायचं ठरवलं होतं. नुसता नाद नव्हता, हे आधीच सांगते. रात्री जेवणं उरकली की बसायचा. स्क्रीनवर एकाच वेळी चार टेबलं (म्हणजे चार डाव), शेजारी थर्मासमध्ये चहा, आणि उठताना एक्सेलमध्ये त्या रात्रीचा हिशोब. त्या शीटमध्ये ‘रेक’चा वेगळा रकाना होता: डावाच्या पैशांतून कंपनी कापून घेते ते. टेबलावर जिंकूनही महिनाअखेर हाती फारसं उरत नसे. वर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळायची अ‍ॅप्स बंद झाली आणि याचा धंदाच बसला. आता मित्र म्हणतात, व्हीपीएन (आपण कुठून इंटरनेट वापरतोय ते लपवणारं अ‍ॅप) लाव आणि परदेशी साइटवर खेळ. मला अजिबात पटत नाही. तिथे पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार?

कापलेला टीडीएस फॉर्म 26एएसमध्ये (इन्कम टॅक्स खात्याकडची कापलेल्या कराची नोंद) दिसतोय, पण इन्कम टॅक्स रिटर्न भरायचा राहिलाय. अशा कमाईचं काम केलेले सीए नाशिकमध्ये, शक्यतो कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडकडे, कुणाच्या माहितीत आहेत का?

आणि सातपूर-अंबडला एचआरमध्ये असणाऱ्यांनो, बायोडाट्यातल्या या गॅपबद्दल खरं लिहावं का? आई तर म्हणते, ‘शेअर मार्केट करत होता’ असं सांग!